तांबं उजळायची चिंच

— चिठ्ठीच हवी ना तुला, देते की, मी कुठे नाही म्हणते — पण आधी बस तरी पुष्पा, अशी मागच्या दारात उभी राहिलीस की मला उगाच परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, आणि माझी परीक्षा परवा आहे, आज नाही. बस त्या धुण्याच्या दगडावर. बाजूला सरकव ती टोपली. चंबू आहे तो कॉलेजचा, असू दे हातात, धर, फक्त पाडू नकोस. आणि आवाज हळू. चिऊ आत्ताच झोळीत झोपलीय, दोन दात एकदम येताहेत तिला, सकाळपासून मी दर दहा मिनिटांनी तिच्या नाकाशी बोट धरून बघतेय, श्वास चालू आहे ना — हस, हस, सगळेच हसतात. आमचे हे रावेरहून शनिवारी आले की चप्पल काढायच्या आधी विचारतात, काय नेहेते मॅडम, आज बाटली किती वेळा उकळली? मी सांगते तीन. चौथ्यांदा उकळते ते सांगत नाही.

हं, तर काय म्हणाले डॉक्टर? परत सांग, मघाशी तू रडत होतीस, मला निम्मं कळलं नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. नखाखालून काळी. वरून जखम तांदळाएवढी आणि आत थेट हाडापर्यंत — हं. आणि हाताला नेमकं काय लागलं त्याचं नाव कळल्याशिवाय औषध ठरवता येत नाही, आणि दोन दिवसांत नाव आलं नाही तर बोटं काढावी लागतील. असंच म्हणाले? दोन दिवस. म्हणजे गुरुवार. बघ कसा योग आहे, गुरुवारीच माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, हैदराबादहून परीक्षक येताहेत, धुळ्याहून आमचे सर येताहेत, मी पातळसुद्धा काढून ठेवलंय, मोरपंखी — नको तेवढं सांगते मी, नाही का? घाबरले की माझं तोंड सुटतं. शाळेत बाई म्हणायच्या, कुंदा उत्तर येत नसलं की जास्त बोलते.

आता नाव म्हणशील तर — एक नाव असतं का पुष्पा? रसायन म्हणजे काय डोक्याला लावायचं तेल आहे, की बाटलीवरचं वाचलं आणि सांगितलं? तू माझ्याच वर्गात अकरावीला बसतेस, तिसऱ्या बाकावर, खिडकीकडून, तेव्हा तुला कळेल, ऐक. आपल्याकडे कापसावर फवारायची नवी औषधं येतात ना, लवकर धुऊन जात नाहीत ती, त्यातल्या कितीकांच्या रेणूत फ्लोरिन असतो. आणि फ्लोरिन म्हणजे हॅलोजनांच्या घरातला धाकटा — सगळ्यांत लहान, सगळ्यांत हट्टी. त्याला कार्बनच्या वलयावर नेऊन बसवायचं म्हणजे काम आहे. माझी पद्धत अशी, की आधी तिथे आयोडीन बसलेला असतो, तो बिचारा पाटावरून उठायला तयारच असतो, त्याला उठवायचं आणि त्याच्या जागी फ्लोरिनवाला गट बसवायचा. आणि हे जुळवून कोण देतं? तांबं. लग्नातला मध्यस्थ असतो तसं — या घरी जातो, त्या घरी जातो, जमवून देतो आणि बाजूला होतो, पुढच्या लग्नाला मोकळा. निदान पुस्तकात तसं. प्रत्यक्षात काय व्हायचं, एका लग्नापायी एक मध्यस्थ खर्ची पडायचा. जेवढा माल तेवढंच तांबं, आणि एकदा वापरलं की काळा गाळ, फेकून द्या. मला हेच काम चिमूटभर तांब्यात करायचं होतं, आणि तेच तांबं पुन्हा पुन्हा वापरायचं होतं. चार वर्षं घालवली. धुळ्याची एस.टी. इतकी केली की कंडक्टर मला सुट्टे मागायचा बंद झाला. आणि चार वर्षांत आलं किती? शंभरातले बावीस. सर म्हणाले, बाई, आता संसार करा. मग चिऊ झाली. ती मात्र शंभरातली शंभर आली, म्हणून तर भीती वाटते.

तुझी आई दिवाळीपासून येते — यायची — माझ्याकडे. चिऊला तेल लावायला आणि भांड्यांना. हो, कॉलेजच्याही भांड्यांना, ते मी लपवत नाहीये, कॉलेजात नळाला पाणी दिवसाआड, आणि सुपडूभाऊ, आमचा प्रयोगशाळेतला शिपाई, निवृत्तीला एक वर्ष राहिलेला माणूस, त्यानं हात जोडून सांगितलं, मॅडम बाकी काहीही घासतो, त्या फ्लोरिनच्या भांड्यांना हात लावणार नाही. म्हणू शकतो तो, पक्की नोकरी आहे. मग मी ती भांडी टोपलीत घालून घरी आणायची आणि तुझी आई इथे, तू बसलीस ना, त्याच दगडावर घासायची. मी काही जबरदस्ती केली नाही हं. विचार तिला. मी तिला बाईसुद्धा कधी म्हणाले नाही, भिकूअक्का म्हणायची.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी चंबूच्या तळाचा काळा गाळ उकिरड्यावर टाकायला निघाले, तर तुझ्या आईनं माझा हात धरला. म्हणाली, 'मॅडम, हाई तांबं शे ना? काळं पडी जायेल शे. फेकू नका, चिच लावा, बठ्ठं निंघी जाई.' मी हसले, म्हणे सगळं निघून जाईल! ती हसली नाही. गाळ घेतला तळहातावर, वर मीठ, वर चिंचेचा कोळ, आणि अंगठ्यानं गोल गोल, गोल गोल — देवापुढचा तांब्या उजळतात ना, तसं. पाच मिनिटांत तिच्या तळहातावर लालबुंद तांबं. जणू आत्ताच कुठून खणून काढलंय. मी गंमत म्हणून दुसऱ्या दिवशी तेच वापरलं. किती आलं माहितीये? एकाहत्तर. शंभरातले एकाहत्तर! मी तीनदा वजन केलं. मग काटा तपासला. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले, कारण एम.एस्सी.ला पहिली आलेली मी, चार वर्षं जर्मन आणि जपानी लोकांचे लेख वाचत होते, आणि चिंच मला सुचली नाही. घरचा तांब्या मी पावडरीनं घासते ना. त्याचा परिणाम.

नाव? प्रबंधात तिचं नाव? काय तरी विचारतेस. 'टार्टारिक आम्लाने पुनरुज्जीवित केलेले ताम्र' असं आहे प्रबंधात, चिंचेत तेच आम्ल असतं, सरांनी सांगितलं तसं लिहिलं. आभाराच्या पानावर सर आहेत, हे आहेत, सासूबाई आहेत, टाइप करणारे गिरधरभाऊ आहेत — जागा संपली. आणि मला सांग, लग्नपत्रिकेत मध्यस्थाचं नाव छापतात का?

तसं बघितलं तर तिची गरजच पडायला नको होती. सरांनी धुळ्याला बाटलीतलं शुद्ध टार्टारिक वापरून बघितलं, चाळीस आले. मी चमच्यानं घोटलं, अडतीस. काचकांडीनं, चव्वेचाळीस. मी स्वतः रबरी हातमोजे घालून चोळलं, बावन्न. आणि तुझी आई उघड्या अंगठ्यानं — एकाहत्तर. सत्तर. एकाहत्तर. तेच तांबं, सात वेळा! बारीक कण असतो तो, बोटाखाली कळावा लागतो, मध्ये रबर आलं की काळं राहतं. सर फोनवर म्हणाले, काय बाई, हातात जादू आहे तुमच्या. मी म्हणाले, छे हो सर. खरंच म्हणाले मी, छे हो. त्यांना वाटलं विनय.

अगं दिले होते ना हातमोजे! कोण म्हणतं दिले नाहीत? तिनंच सांगितलं असेल की. आठ दिवस घातले तिनं, लाल, कोपरापर्यंत, तिला हसू यायचं, म्हणायची लग्नात वाढायला आलेल्या बाईसारखी दिसते. आठ दिवस सत्तेचाळीसच्या वर आकडा गेला नाही. म्हणून काढून — म्हणजे फाटले. फाटले होते ते. एका बोटाला. आता फाटका मोजा काय घालायचा, त्यात पाणी जाऊन आणखीच —

का दिले म्हणजे? खबरदारी. माझा स्वभाव माहीत नाही का तुला? मी कढीपत्त्याची पानंसुद्धा मोजून टाकते. आणि चंबू तसे दिसायला लागले होते ना, म्हणून. तुझ्या हातातला बघ, आतून दूध ओतून घेतल्यासारखा झालाय, आरपार दिसत नाही. जानेवारीत नवे कोरे बारा आणले मुंबईहून, आरशासारखे, आणि होळीपर्यंत बाराही असे. आतून काच खाल्ली जाते — नाही, काचच तसली. जुनी काच. म्हणजे नवे होते, पण माल जुना. असतं तसं. तू नखानं खरवडू नकोस त्याला, आत चिंचेचं पाणी आटलंय दोन आठवड्यांचं, शेवटच्या दिवशी अर्धवट टाकून गेली ती, त्यानंतर कोणी हातच लावला नाही.

काय? चिऊचं? — हे पण सांगितलं तिनं? हो, नव्हते लावू देत हात. तेल लावणं बंद केलं, झोळी हलवणंसुद्धा बंद केलं, चिऊच्या बाजूनं उंबऱ्याच्या आत यायचं नाही असं सांगितलं. आई आहे मी. तुला मूल झालं की कळेल. कधीपासून म्हणजे काय, तारीख कशी आठवेल — चिऊला बोरन्हाण घातलं तेव्हा तुझ्या आईनंच मांडीवर घेतलं होतं, मग पुढे — होळीच्या आधी आठवडाभर. हं. होळीच्या आधी. तुझ्या आईला काही वाईट वाटलं नाही, उलट म्हणाली, 'बरं शे मॅडम, लेकरू नाजूक शे.' समजूतदार बाई. तिचा हात दुखायला लागला तो पाडव्यानंतर. हो ना? तूच म्हणालीस पाडव्यानंतर. मग होळी आणि पाडव्याचा काय संबंध? बोटं कसली मोजतेस? वर्गात वर्गमूळ विचारलं तर येत नाही तुला, आणि इथे आठवडे मोजतेस.

बरं, आता आलंच आहे तोंडापर्यंत तर ऐक. पाडव्यानंतर ती मला म्हणाली, 'रातले हात ठनकतस, मॅडम.' मी म्हणाले, खोबरेल चोळ. मग म्हणाली, नखात सुई गेल्यासारखं वाटतं. मी म्हणाले, वय झालं अक्का. तोंडी परीक्षेला सहा आठवडे राहिले होते पुष्पा, आणि तीन फेऱ्या बाकी होत्या, पाचवी, सहावी आणि सातवी. पाच वेळा आणि सात वेळा यात फरक असतो. पाचला परीक्षक मान डोलावतात, सातला वर बघतात. मी रोज ठरवायची, आज सांगू, आज सांगू. मग चंबू उलटा करून वजन करायची आणि म्हणायची, उद्या. आखाजीच्या, अक्षय्यतृतीयेच्या आधी सातवी फेरी झाली आणि त्याच दिवशी मी तिला म्हणाले, अक्का, आता पुरे, आराम कर. त्याच दिवशी! एक दिवस जास्त नाही ठेवलं मी तिला.

आणि दोन बोटांवाचून, तीन बोटांवाचून माणसाचं अडतं का, याचाही मी विचार केला नाही असं समजू नकोस. काल मी अंगठा तळहातात दुमडून चिऊच्या झबल्याची गाठ बांधून बघितली. नाही आली. पण मी पहिल्यापासूनच धांदरट, तुझ्या आईच्या हाताला वळण आहे. तिला जमेल.

फळीवर काय बघतेस? काही नाही ते, मलम आहे. पांढरं. हात मऊ राहतात. — बरं बाई, कॅल्शियमचं आहे. सरांनी मुंबईहून मागवून दिलं होतं मला, काम सुरू केलं त्याच दिवशी, म्हणाले, लागलं तर लगेच चोळायचं, एक मिनिट उशीर नको. वाचू नकोस इतक्या लांबून, कशानं भाजल्यावर लावायचं ते फार बारीक अक्षरात छापलंय, डोळे बिघडतील. एकच नळी आहे. रांगायला लागली चिऊ, उद्या मागच्या दारी आली, टोपलीत हात घातला, तर? मग मी काय जळगाव पालथं घालू? आणि समजा दिलं असतं तुझ्या आईला, तर तिनं विचारलं असतं ना, हे कशाचं? मी काय सांगितलं असतं? सांगितलं असतं तर थांबली असती ती. ती थांबली असती तर तांबं थांबलं असतं, सर थांबले असते, मी थांबले असते. असं एकीसाठी सगळ्यांनी थांबायचं का?

रडू नकोस. नाक पूस. लिहिते मी चिठ्ठी, म्हणाले ना. आण ती वही इकडे. — आणि पुष्पा, पुढच्या वर्षी बारावी ना तुझी? प्रात्यक्षिकाचे गुण कोण देतं माहितीये? मी धमकी देत नाहीये, तसला माझा स्वभाव नाही. नुसतं सांगते. मोतीलालभाऊ, तुझे वडील, त्या दिवशी मला एस.टी. स्टँडवर भेटले तेव्हा छाती फुगवून म्हणाले, असोद्यात सायन्सला जाणारी आमच्या भावबंदीतली पहिलीच पोर. पहिली आहेस, तर शेवटपर्यंत जा. गुरुवारी कोणी येऊन त्या परीक्षकांसमोर काही बोललं, तर माझं जाईल ते जाईलच, पण तुझं काय काय जाईल त्याचा विचार कर. विचार केल्यावर बोलावंसं वाटत नाही माणसाला. माझा अनुभव आहे.

हे बघ, लिहिलं. वाचून दाखवते. 'रुग्ण भिकुबाई यांच्या हातांचा चिंच व मीठ यांच्याशी दीर्घकाळ संपर्क आला आहे.' खाली सही. खोटं आहे का यात काही? एक अक्षर खोटं नाही. काय — तांबं? तांब्याचं राहिलं का? बरं, तेही लिहिते, मन मोडत नाही तुझं. चिंच, मीठ आणि तांबं. देवघरातल्या वस्तू सगळ्या. याउप्पर त्या चंबूत काय काय होतं ते लिहायला गेले तर पान पुरणार नाही, आणि डॉक्टरांना तरी एवढं वाचायला वेळ कुठे असतो? घे. नीट घडी घाल. एस.टी. साडेचारची आहे, आत्ता निघालीस तर —

उठली वाटतं. नाही, कुशीवर वळली. नाही, उठली. अगं बाई, दातांनी हैराण केलंय लेकराला. आले, आले गं सोन्या, एवढं पेनाचं टोपण — तू कुठे निघालीस? मी जाते ना — पुष्पा, राहू दे, मी घेते तिला, तू — नको! हात लावू नकोस! थांब तिथेच! मागे हो, मागे हो म्हणते ना, ते हात मागे घे! मघापासून तो चंबू धरून बसलीस, बोटं आत घालून बसलीस, त्या हातांनी माझ्या चिऊला — धू! आधी धू! नळ सोड, नुसतं ओलं करू नकोस, धरून ठेव धारेखाली, नखांत, नखांत धू, आणि लगेच फळीवरचं मलम —

…

अशी काय बघतेस?

हाताकडे काय बघतेस इतकं? काही होत नाही तेवढ्यानं. अर्धा तास तर धरला होतास. मी काय म्हणून — मी बोलत होते ना, माझ्या लक्षातच — धर म्हटलं मी, हो, म्हटलं असेन. चिऊ, उगी, उगी. उगी गं. पुष्पा, चिठ्ठी पडली बघ तुझी खाली. ओली होईल. उचल ना. दगडावर का चढतेस? फळीवरचं काही पाडशील. तुला नाही लागत ते, तुझं काही नाही होत, मी सांगते ना. वाचू नकोस ते. पुष्पा. गुरुवार लक्षात ठेव. प्रात्यक्षिक लक्षात ठेव. दार उघडं टाकून — अगं ऐक — मलम ठेव ते. ठेव म्हणते ना खाली.

पुष्पा, एकच आहे ते.